आठवण करून देणारे कोणी नसेल तेव्हा

प्रयोगवही घरी राहिली, सही घ्यायची राहिली, अर्ज भरायची शेवटची तारीख काल होऊन गेली. असा एखादा विद्यार्थी आपल्या प्रत्येक वर्गात असतो. 'अभ्यासात बरा, पण वेंधळा' असा शेरा त्याला मिळतो. बारावीपर्यंत त्याचे निभावते, कारण घरी आई आणि शाळेत आपण त्याची आठवण बनलेलो असतो. पुढे तो महाविद्यालयाच्या वसतिगृहात जातो आणि ही उसनी आठवण एका दिवसात नाहीशी होते. मग विषय अवघड नसतानाही बुडालेले तास आणि चुकलेल्या तारखा यांमुळे पहिले सत्र हातचे जाते.

हा आळस आहे का?

स्मरणशक्ती म्हटले की आपल्याला पाठांतर आठवते. परंतु 'गुरुवारी शुल्क भरायचे आहे' हे नेमके गुरुवारी आठवणे हे वेगळे काम आहे. मानसशास्त्रात याला भविष्यलक्ष्यी स्मृती म्हणतात. परीक्षेत सूत्र आठवते, कारण प्रश्नपत्रिका ते विचारते. शुल्क भरले का, हे मात्र गुरुवारी कोणी विचारत नाही. शिवाय योजना आखणे, मोह आवरणे ही कामे करणारा मेंदूचा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. म्हणजे सतराव्या वर्षी ही यंत्रणा अपुरीच असते. केवळ रागावून ती सुधारत नाही.

दुसरी अडचण वेळेच्या अंदाजाची. कॅनडातील संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल, असे विचारले. सरासरी उत्तर आले सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. तेव्हा 'एका रात्रीत होईल' म्हणणारा आपला विद्यार्थी एकटा नाही.

उपाय कोणते?

पहिला उपाय म्हणजे डोक्यातले ओझे कागदावर उतरवणे. खिशातली छोटी डायरी असो वा मोबाइलवरील दिनदर्शिका, नोंदीची जागा एकच हवी. दोन ठिकाणी लिहिलेले दोन्हीकडे हरवते.

दुसरा उपाय कामाला खुणेशी बांधण्याचा. 'कपडे वेळेवर धुईन' हा नुसता संकल्प झाला. 'शनिवारी नाश्ता करून खोलीवर आलो की आधी कपडे भिजवीन' ही योजना झाली. येथे नाश्ताच आठवण करून देतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या १९९७ च्या अभ्यासात, सुट्टीतील एक अवघड काम केव्हा व कोठे करणार हे आधी ठरवणाऱ्यांपैकी ते वेळेत पुरे करणाऱ्यांचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते.

तिसरा उपाय पालकांना जड जातो. अकरावीपासूनच एकेक काम पूर्णपणे मुलाच्या हाती सोपवावे: सकाळी स्वतः उठणे, महिन्याच्या ठरावीक पैशांत भागवणे, दाखले व गुणपत्रिका एका फाइलीत ठेवून त्यांच्या छायाप्रती काढून आणणे. एक अंगवळणी पडले की पुढचे. मध्ये चूक होईल, होऊ द्यावी. विसाव्या तारखेला पैसे संपले तर घरी जेवण तरी मिळते. हा धडा परगावी महाग पडतो.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. प्रकल्प देताना विद्यार्थ्यांना त्याचे टप्पे पाडायला सांगावे. प्रत्येक टप्प्यापुढे दोन रकाने आखावे: 'अंदाज' आणि 'प्रत्यक्ष'. आपणही उत्तरपत्रिका तपासण्याचा आपला तक्ता फळ्यावर मांडावा. चार-सहा प्रकल्पांनंतर प्रत्येकाला आपला अंदाज कितीपट चुकतो ते कळते आणि पुढच्या वेळी तेवढी सवड ठेवता येते.

एक सावधगिरी मात्र हवी. विसराळूपणा लहानपणापासून आणि घरी-शाळेत सर्वत्र सारखाच तीव्र असेल, तर तो अवधानाचा विकार असू शकतो. अशा वेळी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

गुणपत्रिकेत या कौशल्याला रकाना नाही, म्हणून ते शिकवायचे राहून जाते. विद्यार्थी आपल्या हाताखाली आहे तोवरच त्याची सवय लावणे शक्य आहे.