साबणाचा हिशेब

दिवाळीनंतर माझी मावसबहीण चाळीसगावहून मुलुंडला आली, ती पिशवीत साबणाच्या आठ-दहा वड्या घेऊनच. ताईच्या बचत गटाने कर्ज काढून साबण करायला घेतला होता. प्रशिक्षण झालं, साचे आले, पहिला घाणाही निघाला. वड्या दिसायला अगदी दुकानातल्यासारख्या. पण ज्यांनी वापरल्या त्यांच्या हातांची आग आग झाली. एकीच्या तर बोटांची सालं निघाली.

"तू कॉलेजच्या लॅबमध्ये आहेस ना, बघ बाई काय चुकलं ते. कर्जाचा हप्ता तोंडावर आलाय. बायका मलाच विचारणार," ताई रडवेली झाली होती.

मी घाटकोपरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. सरांची परवानगी काढली आणि दुसऱ्या दिवशी ताईला सोबत नेलं. लोकलमध्ये विक्रोळी आलं तेव्हा सहज म्हटलं, "इथे गोदरेजचा साबणाचा मोठा कारखाना होता. प्राण्यांची चरबी न घालता नुसत्या वनस्पती तेलाचा साबण अर्देशीर गोदरेजांनी १९१८-१९ च्या सुमारास बाजारात आणला."

"आमचाही तेलाचाच की. सरकीच्या," ताई म्हणाली.

"आणि प्रशिक्षणात कुठलं तेल होतं?"

"खोबरेल. पण ते कुठून परवडायचं? आपल्याकडे सरकी स्वस्त."

तिने पर्समधून कागद काढला. 'तेल १ किलो, कॉस्टिक १७० ग्रॅम.' तेल कोणतं, ते लिहिलंच नव्हतं. चूक कुठे झाली ते मला तिथेच कळलं. पण ताईला ते डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

लॅबमध्ये तिला चष्मा आणि हातमोजे घातले. बीकरमध्ये पाणी घेऊन त्यात कॉस्टिक सोडा थोडा थोडा सोडला. नेहमी पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधी ओतायचं नाही, नाहीतर ते उसळून अंगावर येतं. बीकर बाहेरून चटका बसेल इतका तापला. खाली शेगडी नव्हती, म्हणून ताई चकितच झाली. "घरी पातेलं कशाचं घेतलंत?" मी विचारलं. "स्टीलचं." म्हटलं, नशीब! जर्मनच्या पातेल्याला कॉस्टिक खातं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो.

तेलात ते पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहिलो. हळूहळू खिरीसारखं दाट झालं. मग त्यात मिठाचं दाट पाणी ओतलं. साबण मिठाच्या पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे दुधावर साय यावी तसा तो वर आला.

"आम्हाला मीठ नव्हतं सांगितलं," ताई म्हणाली.

खरी गोम तिथेच होती. तेल म्हणजे एका ग्लिसरिनला बांधलेल्या तीन मेदाम्लांच्या साखळ्या. कॉस्टिक ही गाठ सोडवतं. त्यातला सोडियम साखळीला जोडला जातो, तो झाला साबण, आणि ग्लिसरिन मोकळं होतं. शाळेच्या पुस्तकात याला साबणीकरण म्हणतात. लॅबमध्ये कॉस्टिक थोडं जास्त झालं तरी ते ग्लिसरिनबरोबर खालच्या मिठाच्या पाण्यात जातं. घरच्या पद्धतीत मात्र काहीच बाहेर जात नाही. घातलं ते सगळं वडीत राहतं. म्हणून तिथे माप अचूकच हवं.

आणि हे माप तेलागणिक बदलतं. खोबरेलातल्या साखळ्या आखूड, त्यामुळे किलोभर तेलात त्या संख्येने जास्त. लिंबं लहान असली की किलोत जास्त बसतात ना, तसंच. एक किलो खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं. थोडं तेल शिल्लक राहावं म्हणून १७० घेतात, ते बरोबरच. पण सरकीच्या किलोला लागतं जेमतेम १३८ ग्रॅम. म्हणजे ताईच्या प्रत्येक किलोत तीसेक ग्रॅम कॉस्टिक तसंच उरलं होतं. हात भाजले ते त्याने.

"पण आम्ही हळद लावून बघितली होती!"

हळद चांगल्या साबणानेही लाल होते. कपड्यावरचा वरणाचा डाग साबण लावला की लाल होतो, तो आपण रोज बघतोच. साबण मुळात अल्कधर्मी असतो एवढंच त्यातून कळतं. कॉस्टिक उरलंय का, ते हळद सांगत नाही. त्याला वजनकाटाच हवा, तोही ग्रॅम दाखवणारा.

"मग आता सगळं फेकायचं?" ताईचा जीव त्या कर्जात अडकला होता.

फेकायची गरज नव्हती. वड्या किसायच्या, स्टीलच्या पातेल्यात थोड्या पाण्याबरोबर मंद आचेवर वितळवायच्या आणि मूळच्या किलोमागे आणखी ३०० ग्रॅम सरकीचं तेल घालून नीट ढवळायचं. उरलेल्या कॉस्टिकला त्याचं तेल मिळतं. मग चार आठवडे वाळू द्यायच्या. तरी मी बजावलं, हा घाणा कपड्यांसाठीच, अंगाला नको. अंगाचा साबण विकायचा तर परवाना लागतो, त्याची चौकशी आधी करा.

महिन्याने ताईचा फोन आला. आता हातांची आग होत नव्हती. कपडे धुवायला वड्या खपल्या, हप्ताही गेला. "पण बोअरच्या पाण्यात फेस येत नाही गं." ते मात्र साबणाचं पाप नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार साबणाशी जुळून चिकट साका करतात. पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात, नावातच सगळं आलं.

मैत्रिणींनो, गटात साबण करणार असाल तर कृतीच्या कागदावर तेलाचं नाव आहे ना, ते आधी बघा. तेल बदललं की कॉस्टिकचा हिशेब नव्याने मांडा. कॉस्टिक घट्ट झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. अंगावर उडालंच तर लिंबू-बिंबू लावत बसू नका, नळाखाली पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

ताईने आता कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'सरकीचं तेल १ किलो, कॉस्टिक १३१ ग्रॅम.' आणि खाली, का, तेही लिहिलंय.