अंधार वेगळा, काळा रंग वेगळा



मागच्या महिन्यात आमच्या वाघोलीतल्या बचत गटाची बैठक चालू असताना लाइट गेली. हप्त्यांची वही मिटली आणि गप्पा सुरू झाल्या. एक ताई म्हणाल्या, "परवा मुलीला बघायला आले होते. शिक्षण आवडलं, नोकरी आवडली. जाता जाता म्हणाले, पोरगी जरा काळीच आहे." सगळ्या गप्प झाल्या. तेव्हाच आम्ही ठरवलं, पैशाचा हिशोब करतो तसा या शब्दांचाही एकदा करू.

आधी अंधार. हा शब्द आला संस्कृतातल्या 'अंधकार' वरून. अंध म्हणजे न दिसणारा. अंधकार म्हणजे आंधळं करणारा. 'आंधळा' हा शब्दही त्याच घरातला. म्हणजे अंधार हा मुळात रंग नाहीच, ते दिसेनासं होणं आहे. दिवा लावला की तो जातो.

काळ्याचं तसं नाही. काळा हा रंग आहे आणि तो घालवायची गरज नाही. 'कृष्ण' या नावाचा अर्थच काळा. द्रौपदीचं एक नाव कृष्णा. 'सावळा' शब्द 'श्यामल' पासून आला. श्याम म्हणजे गडद, काळसर. त्याच सावळ्या विठ्ठलासाठी आपण पंढरीची वाट चालतो. देव सावळा चालतो, मग सून का चालत नाही?

आता आपल्या गावाकडे बघा. जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग असत. वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. पांढरीत माणसं राहायची, पण त्यांचं पोट भरायची काळी. ही काळी माती आपल्या पायाखालच्या काळ्या दगडापासूनच, बेसाल्टपासून झाली. म्हणून तर तिला काळी आई म्हणतात. २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत गेली, काळीवर इमारती उभ्या राहिल्या, तरी धान्य कुठल्या तरी गावच्या काळीतूनच येतं.

खरं सांगायचं तर आपली भाषाही धुतल्या तांदळासारखी नाही. काळा बाजार, काळी जीभ, तोंड काळं करणं, हे शब्द आपणच वापरतो. अंधारातली भीती आणि चोरी आपण काळ्या रंगाच्या खात्यावर मांडली आणि ते कर्ज आपल्या मुली फेडतात.

हे फक्त आपल्याकडेच नाही. जुन्या इंग्रजीत काळ्यासाठी 'स्वार्ट' असा शब्द होता. जर्मन 'श्वार्ट्स' त्याचाच भाऊबंद. पुढे रोजच्या बोलण्यात 'ब्लॅक' आणि 'डार्क' राहिले. स्वार्टपासून झालेला 'स्वार्दी' हा शब्द मुख्यतः माणसाच्या वर्णासाठीच उरला. तिथेही शब्द येऊन थांबला तो कातडीवरच.

त्या संध्याकाळी लाइट यायच्या आत आमच्या गटाने दोन गोष्टी ठरवल्या. मुलीच्या बायोडाटात 'वर्ण' हा रकाना भरायचा नाही. आणि कुणाच्या बाळाला बघायला गेलं की "रंग कुणावर गेलाय?" असं विचारायचं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढून बघा. अंधार घालवायला दिवा आहेच. मुलीचा रंग घालवायला क्रीम कशाला?