माळ घातली, पुढे काय?

मुरुडच्या पट्ट्यात एखाद्याची दारू सुटली की लोक सांगतात, ‘त्यानं माळ घातली.’ दवाखान्याचं नाव सहसा निघत नाही. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या या मोठ्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत दारू सोडवण्याची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जवळची संस्था कोणती, असं विचारलं तर मी विठ्ठलाच्या देवळाकडे बोट दाखवेन.

सप्ताह चालू असतो. तुळशीच्या १०८ मण्यांची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवलेली असते. महाराज ती उचलून समोर वाकलेल्या माणसाच्या गळ्यात घालतात. दारू बंद, मटण बंद, एकादशी धरायची, पंढरीची वारी करायची. मिरज-लातूर रेल्वे मुरुडवरून जाते आणि पंढरपूर तिच्याच वाटेवर आहे, त्यामुळे ही शेवटची अट इथल्या माणसाला कधी जड वाटत नाही. माळेचा दोरा तुटला तर ती पुन्हा ओवून गळ्यात येईपर्यंत बरेच माळकरी तोंडात पाणीही घेत नाहीत. हा शिरस्ता पाळणाऱ्या माणसाच्या मनात त्या दोऱ्याचं मोल केवढं असेल!

माळेची खरी ताकद मात्र रोजच्या जगण्यात दिसते. माळकऱ्याला ‘घे रे एक’ म्हणून कोणी आग्रह करत नाही. दिवेलागणीला, गुत्त्यावर गर्दी व्हायच्या वेळेला, तो हरिपाठाला बसलेला असतो. टाळ धरायला हात लागतात, वीणेवर पहारा द्यायला माणूस लागतो. कालपर्यंत ज्याला कोणी दारात उभं करत नव्हतं, त्याच्या वाट्याला काम येतं. संगत बदलणं, संध्याकाळ भरून काढणं, गेलेली पत परत मिळणं, हे व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशकही सांगतात. देऊळ ते फुकटात देतं. गाडगेबाबांचे वडील दारूनं गेले आणि बाबा १९५६पर्यंत, म्हणजे देह ठेवेपर्यंत, कीर्तनातून दारूवर तुटून पडत राहिले. बंडातात्या कराडकरांचा व्यसनमुक्त युवक संघही वारकरी मुशीतूनच निघाला.

तरीही दोन ठिकाणी माळ एकटी कमी पडते, आणि तिथे माणसं हकनाक जातात.

पहिली जागा म्हणजे सुरुवातीचे चार-पाच दिवस. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकाएकी दारू तोडली की हात थरथरतात, झोप उडते, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणूस बरळतो, ताप चढतो. घरच्यांना ‘बाहेरचं लागलं’ असं वाटतं, आणि भगताकडे नेण्यात जी रात्र जाते तीच जीवघेणी ठरू शकते. यावर नेमकी औषधं आहेत, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत, आणि ती साध्या सरकारी रुग्णालयातही देता येतात. उलट, जेवणात चोरून टाकायच्या गोळ्या घातक आहेत. दारूशी त्यांचा विपरीत परिणाम होऊन रक्तदाब कोसळू शकतो. बाईनं नवऱ्याला वाचवायला केलेला उपाय त्याच्या जिवावर उठतो.

दुसरी जागा पडण्याची. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे. माळ घातलेला माणूस एखाद्या लग्नात घसरतो, दुसऱ्या दिवशी स्वतःच माळ काढून देवापुढे ठेवतो आणि देवळाची पायरी चढणं सोडतो. त्याला कोणी हाकललेलं नसतं. लाजच त्याला घरात कोंडते. ज्या घडीला माणसांची सगळ्यात जास्त गरज, त्याच घडीला तो एकटा पडतो.

ही गाठ मुंबईत एका चर्चच्या आवारात सुटली. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केलं. फादर हे बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. चर्चची जागा, अय्यंगारांची योगासनं आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्या त्यांनी एकत्र आणल्या. धर्मगुरूनं उपचाराला आपलं अंगण दिलं, वर डॉक्टर आणि समुपदेशकालाही जागा दिली, ही त्यातली मोठी गोष्ट.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा जन्मही श्रद्धेच्याच घरातला. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारुडे, एका ख्रिस्ती मंडळाच्या ओळखीतून भेटले. पुढे त्यांनी पायऱ्यांमध्ये देवाचं नाव ठेवलं, पण तो ज्याला जसा उमगेल तसा. म्हणून त्यांच्या बैठकीत विठ्ठलही बसतो आणि अल्लाही. फी नाही, आडनाव नाही. एकेक जण उठून ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि आपली कहाणी सांगतो. काल पिऊन आलेला आज पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो आणि बाकीचे त्याला चहा देतात. मला वाटतं, माळेला नेमका हाच जोड हवा आहे.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून मुक्तांगण उभं केलं. तिथेही बरे झालेले रुग्णच नव्यांना सांभाळतात. पण रोजंदारीवरच्या माणसाला महिनाभर पुण्यात राहणं परवडत नाही. मुरुडला जे करायचं ते मुरुडलाच झालं पाहिजे.

आणि ते होण्यासारखं आहे. माळ घालायला येणाऱ्याला महाराजांनी दोनच प्रश्न विचारावेत: रोज किती घेतोस, शेवटची कधी घेतलीस? रोजचा पिणारा असेल तर आधी त्याला तपासून घ्यावं, लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे तिथे पाठवावं, मग माळ घालावी. महाराजांच्या तोंडून ‘आधी डॉक्टरकडे जा’ हे शब्द निघाले तर घरचे ते टाळणार नाहीत. विहारात पंचशीलाचं पाचवं शील दारूविरुद्धच आहे, मशिदीत दारू निषिद्धच आहे. तिथल्या जाणत्यांनाही हे सांगता येईल. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन नंबर सप्ताहाच्या पत्रिकेवर छापायला एक ओळ पुरते.

राहिली बैठक. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या परंपरेप्रमाणे, दारू सोडायची इच्छा असलेले दोन-तीन जण एकत्र बसले की गट झाला. नोंदणी नको, अध्यक्ष नको, वर्गणी नको. आठवड्यातून एक संध्याकाळ, हरिपाठ संपल्यावर, देवळामागची एक खोली लागेल. माळ काढून ठेवलेल्यांपैकी पहिले दोघं कोण, हे गावाला नावानिशी ठाऊक असतं. त्यांच्या घरी जाऊन बोलावणं द्यायला विणेकऱ्यानं निघावं.