वाहते कान आणि डॉ. केल्विन काँग

सिडनीच्या उत्तरेला पोर्ट स्टीफन्सच्या किनाऱ्यावर शोल बे नावाचं गाव आहे. ही वोरिमी या आदिवासी लोकांची भूमी. केल्विन काँग इथेच वाढले. आई नर्स होती. आसपासचे आदिवासी इस्पितळाची पायरी चढायला बिचकत आणि जखम धुवायला, पट्टी बदलायला त्यांच्या घरी येत. काँग यांना वैद्यकाची ओळख झाली ती अशी, घरातच. जुळ्या बहिणी मार्लीन आणि मेरिलिन याही डॉक्टर झाल्या.

आदिवासी घरातून डॉक्टर होणं तेव्हा किती दुर्मीळ होतं! ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या आदिवासी डॉक्टर हेलन मिलरॉय यांना पदवी मिळाली तीच मुळी १९८३ मध्ये. काँग १९९९ मध्ये डॉक्टर झाले आणि पुढे देशातले पहिले आदिवासी सर्जन. विषय निवडला कान-नाक-घसा, आणि माझ्या मते त्यांचं मोठेपण या निवडीतच आहे.

नाकामागून मधल्या कानात जाणारी नळी तान्ह्या मुलांत आखूड आणि आडवी असते. सर्दीचे जंतू तिच्यातून सहज वर चढतात. पडद्यामागे चिकट द्रव साठतो, पडदा फुटतो, कान वाहू लागतो. दाटीवाटीची घरं, सिगारेटचा धूर, वेळेवर न मिळणारे उपचार यांमुळे हे पुन्हा पुन्हा होत राहतं. असा जुनाट वाहता कान ४ टक्क्यांहून जास्त मुलांत आढळला, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला तातडीचा सार्वजनिक प्रश्न मानते. दुर्गम आदिवासी वस्त्यांत हे प्रमाण त्याच्या कित्येक पट आहे. ज्या वयात मूल भाषा उचलतं, नेमकं त्याच वयात त्याला ऐकू येत नाही. पुढे शाळेत ते 'लक्ष न देणारं' ठरतं.

पडद्यामागे साठणाऱ्या या द्रवावरची एक शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते. पडद्याला बारीक छेद द्यायचा, द्रव ओढून घ्यायचा आणि तिथे तांदळाच्या दाण्याहून लहान नळी, म्हणजे ग्रोमेट, बसवायची. न्यूकॅसलमध्ये काम करणारे काँग त्यासाठी दूरच्या वस्त्यांतही जातात. मात्र मूल सर्जनपर्यंत पोहोचण्याआधीच त्याचे कान तपासले जावेत, हा त्यांचा आग्रह असतो.

२०२३ मध्ये आदिवासींच्या कामाचा गौरव करणाऱ्या राष्ट्रीय नायडॉक पुरस्कारांत ते वर्षातील सर्वोत्तम व्यक्ती ठरले. मात्र २०२०-२२ च्या सरकारी आकड्यांनुसार आदिवासी पुरुषांचं आयुर्मान इतर पुरुषांपेक्षा ८.८ वर्षांनी कमी आहे आणि स्त्रियांचं ८.१ वर्षांनी. कान सर्जन दुरुस्त करतील; घरं बांधणं आणि वस्तीत दवाखाना चालवणं हे सरकारचं काम आहे, आणि ते अजून पुरेसं झालेलं नाही.