सहा अनोळखी माणसांशी तह : ऑनलाइन ‘डिप्लोमसी’

‘डिप्लोमसी’ हा सात जणांनी खेळायचा पटावरचा खेळ. अमेरिकेच्या ॲलन कॅलहॅमर यांनी तो १९५४ मध्ये रचला आणि १९५९ मध्ये स्वतःच त्याच्या ५०० प्रती काढल्या. पटावर पहिल्या महायुद्धापूर्वीचा युरोप असतो. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान यांपैकी एकेक सत्ता प्रत्येकाच्या वाट्याला येते. नकाशावर ३४ पुरवठा केंद्रे असतात. जितकी केंद्रे ताब्यात, तितकीच सैन्यदळे आणि आरमारे बाळगता येतात. १८ केंद्रे मिळवली की डाव जिंकला.

फासे नाहीत, पत्तेही नाहीत. सगळ्या फौजांचे बळ सारखेच असते, त्यामुळे एकट्या फौजेला दुसरीला जागेवरून हटवता येत नाही. त्यासाठी शेजारच्या फौजेचा पाठिंबा लागतो, आणि तो दुसऱ्या खेळाडूकडूनही घेता येतो. सुरुवातीला रशियाकडे चार आणि इतरांकडे तीनच फौजा असल्याने मदत मागितल्यावाचून कोणाचेच चालत नाही. हुकूम मात्र प्रत्येक जण गुप्तपणे लिहितो आणि सर्वांचे हुकूम एकदमच उघड होतात. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, असा नियम नाही. खेळाची सारी खोली या एका गोष्टीत आहे.

समोरासमोर बसून खेळायचे तर सात माणसे आणि जवळजवळ अख्खा दिवस हवा. म्हणून १९६३ पासून अमेरिकेत हा खेळ टपालाने खेळला जाऊ लागला. पुढे ई-मेल आला, मग ‘वेबडिप्लोमसी’, ‘बॅकस्टॅबर’ अशी संकेतस्थळे आली. तिथे चालींचा निवाडा संगणक करतो. एका चालीला बहुधा एक-दोन दिवसांची मुदत असते, त्यामुळे डाव कित्येक आठवडे चालतो. पाच-पाच मिनिटांच्या झटपट चालींचे डावही होतात.

अनोळखी माणसाचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. त्याची पारख त्याच्या संदेशांवरून आणि त्याहूनही अधिक हुकुमांवरून करावी लागते. इटलीचे व्हेनिस आणि ऑस्ट्रियाचे ट्रिएस्ट ही केंद्रे एकमेकांना लागून आहेत. दोघांनी पहिल्या चालीआधीच शांततेची बोली केली असेल, तर इटलीची फौज ट्रिएस्टकडे वळते की नाही, यावरून शब्दाची किंमत कळते. जो उत्तरच देत नाही, त्याच्यावर सर्वांचा संशय आधी जातो. ‘गनबोट’ प्रकारात तर संदेशांनाच बंदी असते. तिथे न मागता दिलेला पाठिंबा हाच मैत्रीचा निरोप.

२०२२ मध्ये मेटा कंपनीच्या ‘सिसेरो’ या संगणक-प्रणालीने ‘वेबडिप्लोमसी’वर माणसांशी ४० डाव खेळले आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांतील वरच्या दहा टक्क्यांत स्थान मिळवले. इंग्रजीत बोलणी करून युती जुळवणे यंत्राला जमू शकते, हे त्यातून दिसले.

या खेळात दगा देणे क्षम्य आहे, अर्ध्यावर निघून जाणे नाही. सोडलेल्या देशाच्या फौजा जागच्या जागी थिजतात, शेजाऱ्याला आयती केंद्रे मिळतात आणि दूरवरच्या निर्दोष खेळाडूंचा आठवड्यांचा विचार वाया जातो. एकच केंद्र उरलेल्या देशाची फौजही कधीकधी बलाढ्याला १८ पर्यंत पोचू देत नाही. नव्या खेळाडूने शेवटपर्यंत टिकायची तयारी असेल तरच डावात उतरावे.