कोयत्यावर कायदा चालतो का?

परवाचा एपिसोड ज्यांना बसमध्ये नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोलताना मी बराच इकडेतिकडे गेलो होतो, ते इथे थोडं सरळ केलंय. बाकी तेच आहे.

दिवाळीत सांगलीला मावशीकडे गेलो होतो. मावसभाऊ अकरावीला आहे. त्याचा चार्जर शोधायला सॅक उघडली, तर वह्यांच्या मागे टॉवेलात गुंडाळलेला कोयता. नवा कोरा. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने दाराकडे बघितलं. मावशी किचनमध्ये चकल्या तळत होती.

"दादा, कुणाला मारायला नाय. असावा म्हणून ठेवलाय. क्लासच्या भाईर पोरं थांबत्यात, त्यांच्याकडं बी असतोय."

ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, आपण त्यांच्याकडे परत येणार आहोत. त्या रात्री मात्र माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न होता, कारण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. हा कोयता नक्की कुठल्या नियमात बसतो? आणि नियम आणखी कडक केला, तर हा कोयता या सॅकमधून बाहेर निघेल का?

तर आधी कायदा बघू. आपल्याकडे मुख्य कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. बंदूक-पिस्तुलाला परवाना लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. धारदार हत्यारांचं गणित वेगळं. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत तलवार, खंजीर, भाला, सुरा अशी यादी आहे आणि एक माप आहे: पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. पण त्याच ओळीत पुढे अपवाद येतो. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वस्तू यात धरायची नाही. कायद्याच्या व्याख्येतही तेच आहे, निव्वळ शेतीसाठी किंवा घरासाठी बनवलेली वस्तू म्हणजे 'शस्त्र' नाही.

आता सांगा, कोयता कशासाठी बनवतात?

सातारा-सांगलीच्या पोराला हे सांगायची गरजच नाही. नोव्हेंबरच्या सुमाराला हंगाम सुरू झाला, की कराडपासून इस्लामपूरपर्यंत रस्त्याच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या खोपी उभ्या राहतात. बीडकडून, दुष्काळी पट्ट्यातून टोळ्या येतात. मुकादम त्यांना उचल देतो आणि ती उचल मोजतात कशात? कोयत्यात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता', एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. आपल्याकडे कोयता हे माणूस मोजायचं एकक आहे हो! कृष्णा, सह्याद्री, राजारामबापू, अजिंक्यतारा, कुठल्याही कारखान्याचं नाव घ्या, त्याचं धुराडं या पात्यावर पेटतं. आठवडी बाजारात लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यापासून बनवलेले कोयते ढीग मांडून विकतो. त्यावर बंदी घालणं म्हणजे खुरप्यावर बंदी घालण्यासारखं.

मग पेपरमध्ये 'कोयता बाळगणाऱ्यास अटक' अशी बातमी येते ती कशी? तिच्या शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात. एक, शस्त्र कायद्याचं '४ (२५)'. कलम ४ म्हणतं, की एखाद्या भागात गरज वाटली तर सरकार अधिसूचना काढून बंदुकीव्यतिरिक्तच्या शस्त्रांनाही परवाना लागू करू शकतं, आणि कलम २५ मध्ये त्याची शिक्षा आहे. दिल्लीत १९८० साली अशी अधिसूचना निघाली, तिच्यात पात्याची मर्यादा ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी. म्हणजे साधारण बोटाएवढं पातं. दुसरी गोष्ट, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ (१) आणि १३५. आपल्यासाठी हेच जास्त कामाचं.

कलम ३७ ची गंमत अशी, की ते वस्तू कशासाठी बनवली हे विचारतच नाही. तलवार, भाला, सुरा, काठी, लाठी, किंवा शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरायला जिल्हादंडाधिकारी मनाई करू शकतात. आदेश मोडला तर एरवी किमान चार महिने, जास्तीत जास्त एक वर्ष कैद. पण राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय असा आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून सण, मोर्चा, निवडणूक, जत्रा काहीतरी कारण देऊन पुन्हा नवा आदेश निघतो. आतल्या पानावर कोपऱ्यात छापून येतो. तुमच्यापैकी किती जणांनी तो कधी वाचलाय? आमच्या कामात एक अनुभव आहे, सर्व्हरचा अलर्ट सतत वाजत राहिला की टीम तो म्यूट करते. या आदेशाचं तसंच झालंय.

म्हणजे "कायदा नाही म्हणून कोयते फिरतात" हे खरं नाही. रस्त्यावर बाळगण्याविरुद्ध कायदा आजही आहे. नाही तो विकण्याविरुद्ध, आणि तो करून बघायचा प्रयत्नही झालाय. पुण्यात २०२२ च्या शेवटी 'कोयता गँग' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. त्यानंतर पोलिसांनी विक्रेत्यांना सांगितलं, कोयता विकताना आधार कार्ड बघा, नोंद ठेवा. ऐकायला बरं वाटतं. पण पोरगं दुकानात जाईलच कशाला? कोयता आजोबांच्या गोठ्यात खुंटीला अडकवलेला असतो. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत भरदिवसा एका विद्यार्थिनीवर कोयत्याने हल्ला झाला. ती वाचली ती रस्त्यावरच्या तरुणांनी मध्ये उडी घेतली म्हणून. विक्रीच्या वहीचा त्या क्षणी काय उपयोग?

इंग्लंडने हाच प्रयोग आपल्यापेक्षा खूप जोरात केलाय. तिथे १८ वर्षांखालच्या मुलाला सुरी विकता येत नाही. पातं ३ इंचांपेक्षा मोठं असेल तर ते सोबत का आहे याचं पटेल असं कारण द्यावं लागतं. सिनेमात शोभतील अशा 'झॉम्बी' सुऱ्यांवर सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी आली, ऑगस्ट २०२५ मध्ये निन्जा तलवारींवर. आणि तरीही तिथल्या खुनांमध्ये सगळ्यात जास्त वापरली जाणारी धारदार वस्तू कोणती? स्वयंपाकघरातली साधी सुरी. २००५ मध्ये तिथल्या काही डॉक्टरांनी तर लिहिलं होतं, की घरातल्या लांब सुऱ्यांना टोकच ठेवू नका. आपल्या कोयत्याला तसंही टोक नसतं, त्यामुळे तो सल्ला आपल्या काही कामाचा नाही.

लंडनमध्ये पोलिसांनी २००८ पासून पोरांना थांबवून झडती घेण्याची मोठी मोहीम चालवली. नंतर तिथल्या गृहखात्यानेच तपासलं. झडत्या प्रचंड वाढलेल्या भागात गुन्हे वेगळे असे काही कमी झाल्याचं दिसलं नाही.

इथे थांबलो असतो तर एपिसोडचं उत्तर 'नाही' असं झालं असतं. पण ग्लासगो आहे ना. २००५ च्या आसपास या शहराला युरोपची खुनांची राजधानी म्हणायचे. तिथल्या पोलिसांनी त्या वर्षी हिंसा कमी करण्यासाठी खास विभाग काढला आणि हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायला सुरुवात केली. टोळ्यांमधल्या पोरांना एका सभागृहात बोलावलं. पोलीस म्हणाले, पुढचा वार झाला तर अख्खी टोळी उचलू. मग डॉक्टर बोलले, मुलगा गमावलेली आई बोलली, आणि शेवटी एक फोन नंबर दिला: बाहेर पडायचं असेल तर काम, शिक्षण, व्यसनमुक्ती, सगळी मदत मिळेल. स्कॉटलंडमध्ये २००४-०५ ला वर्षाला १३५ च्या आसपास खून व्हायचे, दहा-बारा वर्षांत ते ६० च्या आसपास आले.

आता इथे बरेच जण म्हणतात, बघा, प्रेमाने झालं. अर्धंच खरं आहे. त्याच काळात स्कॉटलंडने सुरी बाळगण्याची कमाल शिक्षा २ वर्षांवरून आधी ४ आणि मग ५ वर्षं केली. कायदा कडक झाला, पण एकटा नाही आला.

माझं मत विचाराल तर कोयत्याच्या विक्रीवर नियम करणं वाया जाणार. तलवारी आणि फॅन्सी खंजिरांचं मात्र तसं नाही. त्यांनी कुणी ऊस तोडत नाही. २०१८ मध्ये औरंगाबादला पोलिसांनी कुरिअरच्या गोदामातून ऑनलाइन मागवलेल्या तलवारी, चाकू पकडले होते. तिथे विक्रीचा दरवाजा एकच असतो, तो बंद करता येतो. वाढदिवसाला तलवारीने केक कापून रील टाकणारे 'भाई' आपणहून पुरावा अपलोड करतात, त्यांच्यावर गुन्हे दाखल होतातच. तिथे कडक व्हा, कुणाचं पोट अडत नाही.

बाळगण्याच्या बाबतीत शिक्षा चार महिन्यांची आहे का चार वर्षांची, याने माझ्या मावसभावाला काही फरक पडत नाही. त्याला तो आकडाच माहीत नव्हता. त्याला माहीत होतं एवढंच, की समोरच्याकडे आहे. समोरच्यालाही बहुतेक हेच माहीत असणार. दोघं एकमेकांना घाबरून बाळगतात, आणि मग एखाद्या दिवशी धक्का लागला, स्टेटसवरून वाद झाला, की जिथे पूर्वी दोन कानाखाली बसल्या असत्या तिथे मनगट तुटतं.

त्याला मी काय सांगितलं? तो रोज पहाटे ग्राउंडला पळतो, भरती करायचीय. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेला आपला पट्टा, इथे निम्म्या पोरांचं तेच स्वप्न असतं. १८ च्या आत असशील तर बाल न्याय कायद्याचं कलम २४ एरवी पुढची अपात्रता लागू देत नाही. पण १६ नंतर गंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालू शकतो, आणि १८ पूर्ण झाले की ही सवलत संपली. मग भरतीच्या चारित्र्य पडताळणीत हा टॉवेल परत उघडणार. हे त्याला पटलं. चार महिने कैद ऐकून चेहरा हलला नव्हता, 'भरती' म्हटल्यावर हलला.

तरी त्याने विचारलंच, "मग त्यांनी काढला तर मी काय करू?"

पळ, म्हटलं. तू पळायचीच प्रॅक्टिस करतोयस. ११२ लाव. आणि दुसऱ्या दिवशी मावशीला सांगून क्लासची बॅच बदलली, सकाळची घेतली. क्लासच्या सरांना बाहेर थांबणाऱ्या पोरांबद्दल सांगितलं, ते म्हणाले, "बघतो." बघितलं का, ते मला माहीत नाही.

कोयता मी गाडीच्या डिकीत टाकून तासगावला मामाच्या शेतावर नेऊन दिला. मामाने अंगठ्याने धार बघितली आणि म्हणाला, "भारी हाय की. कितीला घेतलास?"