पाथरीच्या उन्हात ओव्हरक्लॉकिंग: डिसेंबरात पास झालेला पीसी मे महिन्यात का बसतो?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

पाथरीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. गडी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो. पीसी सेकंडहँड आहे: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड आणि प्रोसेसरसोबत मिळालेलाच छोटा फॅन. डिसेंबरात कुठला तरी व्हिडिओ बघून त्यानं सगळे कोअर ४.२ गिगाहर्ट्झवर नेले. पाच महिने कसलाच त्रास नाही. आता ऐन लग्नसराईत रेंडर ऐंशी टक्क्यांवर गेला की स्क्रीन निळी. नवरीकडचे रोज फोन करतायत, आणि हा विचारतोय, "दादा, प्रोसेसर जळाला का?"

बहुतेक नाही जळाला. प्रोसेसर तोच आहे, खोली बदलली.

आधी ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते बघू. प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो: बोर्डाचं मूळ क्लॉक, जे साधारण १०० मेगाहर्ट्झ असतं, गुणिले मल्टिप्लायर. १०० गुणिले ४२ म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर वाढवला की वेग वाढतो, पण त्या वेगाला टिकायला व्होल्टेजही थोडं जास्त द्यावं लागतं. खरी गोम इथंच आहे. वेग जितका वाढतो तितक्याच पटीत उष्णता वाढते, पण व्होल्टेज वाढलं की उष्णता त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग ५ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर १.०५ गुणिले १.१ गुणिले १.१. म्हणजे उष्णता जवळपास २७ टक्के जास्त. कमाई पाच, खर्च सत्तावीस!

आता हा हिशोब पाथरीत मांडू. सीपीयूचा फॅन हवा थंड करत नाही, बरं का. तो फक्त उष्णता खोलीतल्या हवेत ढकलतो. म्हणून प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक काहीतरी. उदाहरणासाठी धरा, डिसेंबरात खोली २२ अंशांवर आहे आणि फुल लोडवर प्रोसेसर ७४ वर. म्हणजे खोलीपेक्षा ५२ जास्त. ओव्हरक्लॉक केल्यावर हे ५२ चे ६६ होतात. २२ आणि ६६, अठ्ठ्याऐंशी. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे, म्हणजे पास. मे महिन्यात आपल्या परभणी जिल्ह्यात बाहेर ४२-४४ अंश, पत्र्याखालच्या खोलीत ४० धरा. ४० आणि ६६, एकशे सहा!

अर्थात १०६ पर्यंत तो जातच नाही. ९५ जवळ आला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. शिवाय थंडीत जे व्होल्टेज पुरत होतं, ते तापलेल्या चिपला पुरत नाही. मग आकडेमोड चुकते आणि स्क्रीन निळी होते.

म्हणून माझं सरळ मत आहे: आपल्याकडं ओव्हरक्लॉकची परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी तीनला घ्यायची. हिवाळ्यात सेटिंग केलं असेल, तर मार्चमध्ये परत तपासा.

करायचंच असेल तर आधी हार्डवेअर बघा. इंटेलच्या मॉडेलमागं 'के' आणि बोर्ड झेड मालिकेतला हवा. रायझनला बी किंवा एक्स मालिकेतला बोर्ड लागतो, ए मालिकेवर होत नाही. यातलं काही नसेल तर विषय संपला, पैसे वाचले. असेल तर काहीही न बदलता सिनेबेंच अर्धा तास चालवा, एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघा आणि स्कोअर, तापमान, खोलीचं तापमान वहीत लिहा. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग मल्टिप्लायर एका वेळी पाव किंवा अर्ध्यानंच वाढवायचा, आणि प्रत्येक वेळी तीच टेस्ट. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका. बोर्ड गरजेपेक्षा जास्त देऊन मोकळा होतो. ३६०० साठी मी १.३ व्होल्टच्या वर जाणार नाही. तापमान ८५ ला टेकलं की तिथंच थांबा. पीसी चालूच झाला नाही तर घाबरू नका: वायर काढा, बोर्डावरचा बटण सेल काही मिनिटं बाहेर ठेवा, सगळं मूळ सेटिंगवर येतं.

व्होल्टेजला मी इतका का भितो? इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळं खराब होत होते, आणि तेही लोकांनी काही न छेडता. २०२४ मध्ये कंपनीनं ते मान्य केलं, दुरुस्तीचं अपडेट काढलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आपण हातानं केलेलं ओव्हरक्लॉकिंग मात्र वॉरंटीत बसत नाही.

आता एक आपल्याकडचा उद्योग. कॅबिनेट उघडून समोर पाण्याचा कूलर लावणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. नका रे! दमट हवा आणि बोअरच्या क्षाराचे तुषार बोर्डावर बसतात. त्यापेक्षा कापसाच्या हंगामानंतर सीपीयूच्या फॅनखालच्या पट्ट्या साफ करा. धूळ आणि तंतूंची गादी निघेल. थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला. यूपीएस नसेल तर बायोस अपडेटच्या वाट्याला जाऊ नका, मध्येच लाईट गेली तर बोर्ड मेला. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर आधी अर्थिंग करून घ्या, ओव्हरक्लॉक नंतर.

तर आपल्या पाथरीच्या मित्रासाठी: भावा, बायोसमध्ये जाऊन डिफॉल्ट सेटिंग कर आणि व्हिडिओ रात्री रेंडरला लाव. पाच टक्क्यांनी तासाभराच्या रेंडरमधली तीनच मिनिटं वाचतात. त्यानंतर एक्सएमपी चालू आहे का बघ. ३२०० ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वरच चालत असते. तेही एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच, पण तापमानात फारसा फरक पडत नाही. चालू केलंस तर एक जुना व्हिडिओ रेंडर करून बघ, आणि मगच नवरीकडच्यांचं काम लाव.